मिरचीच्या बियांवर इस्तरी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या शाळेतल्या बाईंची डोंगरातल्या शाळेवर बदली झाली. त्यांच्यासाठी मी जुन्या उत्तरपत्रिकांचा लगदा करून शुभेच्छापत्र बनवलं. पेरलं की मिरची उगवेल असं, कोरीट गावच्या माझ्या काकूने राखलेलं बी घालून. ढगाळ हवेत ते वाळेना, म्हणून इस्तरी फिरवली. आज सकाळी ते घेऊन बाई तळोद्याहून जीपने गेल्या.

दुपारी काकूला फोनवर कौतुकाने सांगितलं, तर ती ओरडलीच, "अवं माय, इस्तरी फिराई? बी मरी गयं व्हई ना!"

आत्ता बाईंचा मेसेज आला. "कार्ड लगेच कुंडीत पेरलं. रोज फोटो पाठवीन."

पहिला फोटो आलाय. नुसती माती.

त्यांना आजच सांगू, की रोज त्या मातीला लाल बदाम पाठवत बसू?