अंधाऱ्या खोलीतला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढंसुद्धा नाही — आणि दर पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या देवळात जाऊन हात जोडतो मी. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक.

कोल्हापुरात एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. वैशाली माझी संशोधक विद्यार्थिनी. राधानगरीकडची, सकाळी म्हशींच्या धारा काढून एसटीनं येणारी. आम्ही दोघांनी क्वांटम पद्धतीनं गुप्त किल्ली पाठवायचा प्रयोग उभा केला होता. बिद्रीकडच्या आमच्या केंद्रातून प्रकाशाचा एकेक कण फायबरमधून इकडं यायचा आणि त्यातून निरोप कुलूपबंद करायची किल्ली तयार व्हायची. मध्ये कुणी डोकावलं, की चुका वाढतात आणि यंत्र ती किल्लीच टाकून देतं. चोरी लपतच नाही — हे वाक्य मी फार ऐटीत सांगायचो.

प्रात्यक्षिकाला दिल्लीचे पाहुणे आले. वैशालीची पुढची शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात होती. ती बाहेर संगणकापाशी. मी आत, काळ्या पडद्याआड, कण टिपणाऱ्या यंत्राजवळ. त्याचं झाकण जुळणीसाठी उघडं होतं. तिथं काडीचाही उजेड चालत नाही. फोन बाहेर ठेवून आत यायचं, हा नियम माझाच.

माझा फोन खिशात होता. पाहुण्यांबरोबरचा माझा फोटो ग्रुपवर पडला का — एवढंच बघायचं होतं मला. स्क्रीन उजळली, आणि बाहेर चुकांचा आकडा चढला. किल्ली रद्द झाली.

कुणी मध्ये ऐकतंय का, असं पाहुण्यांनी विचारलं. मी बाहेर आलो तेव्हा वैशालीचा चेहरा उतरला होता. "माझीच जुळणी हलली असणार, सर," ती म्हणाली. आणि मी? मी मान हलवली. वर, "होतं असं," म्हणालो — मोठ्या मनानं. पाहुणे जायला अख्खी दुपार होती. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

शिष्यवृत्ती गेली. तिनं संशोधन सोडलं. आता गावाकडं दूध संकलन केंद्र बघते. मी त्याच प्रयोगावर नंतर प्राध्यापक झालो. तिची आठवण आली की अजून स्वतःची किळस वाटते.

मागच्या महिन्यात ती मुलीला घेऊन घरी आली. "सरांच्या पाया पड," तिला म्हणाली. "माझ्या हातनं एवढी मोठी चूक झाल्ती, पण सर एका शब्दानं रागावलं न्हाईत."

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.