करंगळी घालून बघणारा कॉर्बिन

कॉर्बिन स्टिल्टनरच्या हातात कुणी बंदूक दिली की तो आधी तिचा बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे ओढायचा आणि गोळी राहिलीय का ते आत करंगळी घालून बघायचा. देणारा "रिकामी आहे" म्हणत असतानाच बघायचा. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात हा अपमान समजतात. वडीलधाऱ्याने रिकामी म्हटलं की ती रिकामी.

"आता माझ्या तोंडातही बोट घालून बघ," चर्चच्या अंगणात म्हातारा एल्झी त्याला म्हणाला होता.

"तिथं काही उरलंय का, काका?"

एल्झी हसला. पण त्यानंतर त्याने कॉर्बिनला बंदूक दाखवायला आणली नाही.

कॉर्बिन रुग्णवाहिकेवर कामाला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने एका मुलीला खालच्या गावातून नेलं होतं. तिचा भाऊ बंदूक साफ करत होता. गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं होतं, पण नळीत चढलेली गोळी तशीच राहिली होती. त्या मुलीबद्दल कॉर्बिन एवढंच बोलायचा. मग त्याने अग्निशमन केंद्रात शनिवारचे वर्ग सुरू केले. बंदुकीला कुलूप, काडतुसं वेगळ्या कपाटात. रक्त वाहत असेल तर पट्टा कसा आवळायचा, जखमेत कापड कसं कोंबायचं. लोक यायचे ते खरं तर त्याची बायको लेटी भाजून आणायची त्या ‘ॲपल पाय’साठी. त्याला ते चालायचं.

लेटीच्या वडिलांना सगळे पॅप म्हणतात. हे लग्न त्यांना मान्य नव्हतं. लग्न झाल्यापासून ते कॉर्बिनशी बोलत नव्हते. या नोव्हेंबरात त्यांनी त्याला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला बोलावलं. शेजारी म्हणून मीही बरोबर होतो. निघताना लेटी दारात म्हणाली, "आज त्यांना दुखवू नकोस रे."

हरीण दिसलं नाही. तरी पॅप खुशीत होते. परतताना तारेचं कुंपण लागलं. कॉर्बिन आणि मी आधी पलीकडे गेलो. पॅपनी मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि बंदूक तारेवरून पुढे केली. कॉर्बिनचा हात बोल्टकडे गेला.

"रिकामी केलीय मी," पॅप म्हणाले. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून करतोय. की सासऱ्यावर भरवसा नाही?"

कॉर्बिनने हात मागे घेतला. "आहे की, पॅप."

त्याने बंदूक खांबाला टेकवून ठेवली आणि पॅपना येता यावं म्हणून वाकून तार वर उचलली. ओलांडताना पॅपचा बूट बंदुकीला लागला. ती पडली. जुनी होती. पडताच उडाली.

गोळी कॉर्बिनच्या मांडीच्या अगदी वर लागली, जांघेत. मी कमरेचा पट्टा काढला.

"तिथं पट्टा बसत नाही," कॉर्बिनच म्हणाला. त्याचा आवाज शनिवारच्या वर्गातल्यासारखाच होता. "पॅप, मफलर आत कोंबा. अजून आत. आता सगळं वजन टाका. आणि तू पळ. टेकाडावर रेंज मिळेल."

मी पळालो. फोन लागला. धुक्यात हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं, रुग्णवाहिका निघाली होती. मी परत आलो तेव्हा पॅप हात उचलून खाली बघत होते.

"बघू नका, पॅप. दाबून ठेवा."

"थांबलंय का तेवढं बघतो, बाळा."

"बघितलं की पुन्हा सुटतं. हात काढू नका."

पॅपनी आणखी एकदा हात उचलला. मग नाही. मी माझं जॅकेट कॉर्बिनवर घातलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"लेटीला सांगा," तो म्हणाला, "आम्ही भांडलो नाही."

त्यानंतर तो काही बोलला नाही. पॅप बोलत राहिले. पुढच्या वर्षी वरच्या ओढ्याकडे जाऊ, तिकडे मोठे नर असतात.

रुग्णवाहिका आली, कॉर्बिनचीच. त्याला हे काम शिकवणारी ओडेसा चढण चढून धापा टाकत पोचली. तिने त्याच्या मानेवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. छातीला यंत्राच्या तारा लावून बघितलं. मग तिने त्या काढल्या.

"पॅप," ती म्हणाली, "आता हात काढा."

"तो नको म्हणालाय."

"पॅप."

"तो नको म्हणालाय, ओडेसा."

ओडेसा त्यांच्या शेजारी चिखलात बसली. त्यांचे हात कुणीच उचलले नाहीत.