रानरेड्याच्या मानेवरचा व्रण

दापोलीकडचा शरफुद्दीन परकार सौदीतल्या तबूकमध्ये सुतारकाम करायचा. त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अबू फहद दर हिवाळ्यात आफ्रिकेत शिकारीला जाई. एकदा त्याने पेंढा भरलेलं रानरेड्याचं मुंडकं आणलं आणि बैठकीच्या भिंतीवर लावायला सांगितलं.

ते फळीवर बसवताना शरफुद्दीनच्या बोटांना मानेवरचा जुना व्रण लागला.

"हे कशाचं?" त्याने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

अबू फहदलाही ते ठाऊक नव्हतं. त्याने आफ्रिकेतल्या वाटाड्याला फोन लावला.

"सिंहाने धरला होता, तरी सुटला," वाटाडा म्हणाला. "पुढे म्हातारा होऊन कळपाबाहेर पडला होता. अशांनाच आम्ही मारू देतो. शिकारी भरतात त्या पैशावर जंगलाचे राखणदार ठेवता येतात."

"नाहीतर तो अजून किती जगला असता?" शरफुद्दीनने कफीलला विचारायला लावलं.

"दोन-तीन पावसाळे," वाटाड्याने सांगितलं.

अबू फहदने फोन ठेवला. मग म्हणाला, "यल्ला, चल, लाव."

शरफुद्दीनने मुंडकं लावलं. जुम्म्याला फोनवर त्याने बायकोला, बिलकिसला, सगळं सांगितलं.

"मग ते बरोबर की चूक?" तिने विचारलं.

"राखणदारांच्या चुली त्यावर पेटतात, हे खरं. पण त्या रेड्याचे उरलेले पावसाळे विकले कुणी, हे काही सुटत नाही बघ."

पुढच्या हिवाळ्यात अबू फहद रिकाम्या हाताने परतला.

"शिकार मिळाली नाही?" शरफुद्दीनने विचारलं.

"मिळाली होती. पैसेही भरले होते. पण मी नुसता माग काढत त्या रेड्यामागे फिरलो," अबू फहद म्हणाला. "गोळी का झाडली नाही, ते मलाच अजून कळलेलं नाही."