दुकानात हसायचं नाही

आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमधलं कुणाचंही पोर कॉलेजात गेलं, की सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला उल्हासनगरला चौथ्या मजल्यावरचे काका सोबत जाणार, हे ठरलेलंच. निघताना त्यांची एकच तंबी असते: "दुकानात हसायचं नाही. आवडलंय हे कळलं, की भाव चढतो."

माझ्या मुलीच्या वेळी मीही गेले. काकांनी लॅपटॉप उघडला, मिटला, कान लावून आतल्या पंख्याचा आवाज ऐकला आणि सिंधी दुकानदाराला म्हणाले, "साईं, बॅटरी तो बुढी हो गई. कीबोर्ड भी घिसा हुआ है." प्रत्येक दोषासरशी भाव उतरत गेला आणि माझ्या मुलीचा चेहराही. तिला ते सगळं खरंच वाटत होतं.

परतताना रिक्षात ती विकत घेतलेल्या लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन हिरमुसून बसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं, मशीन एक नंबर आहे. आता हस की!"

ती हसली. मला माझा चहा आठवला. त्याला काका इतकी वर्षं "ठीक आहे, चालेल" एवढंच म्हणत आलेत आणि मी मनातल्या मनात चरफडत आलेय. कप मात्र त्यांनी कधी अर्धा सोडलेला नाही.