चौदा अटी

2006 सालच्या फेब्रुवारीत माझ्या वडिलांनी स्वतःच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मराठी मंडळाच्या हॉलचा अर्ज भरला. अर्जात 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना असतो. त्यात मुलाचं, म्हणजे माझं, नाव नव्हतं. हॉलच्या व्यवस्थापकाचं होतं.

त्या व्यवस्थापकाबद्दल हे लिहितो आहे.

त्या वर्षांत जयपूरच्या एखाद्या मराठी घरात मुंज, बारसं किंवा साखरपुडा ठरला असेल, तर तुम्हीही त्यांच्या टेबलासमोर बसला असाल. अर्ज हातात आला की ते तो पालथा घालत, त्यावर तळहात ठेवत आणि उभे राहत. "आधी ऐका न जी, मग सही." मग हॉल भाड्याने देण्याच्या चौदा अटी एकेक करून मोठ्याने वाचत. तिसऱ्यांदा हॉल घेणाऱ्यालाही सुटका नव्हती. कोणी म्हणालं, "द्या, मी वाचतो," तर ते म्हणत, "वाचलेलं माणूस विसरते. ऐकलेलं आठवते." या वाचनाला नऊ मिनिटं लागत. मी दोन वेळा घड्याळ लावून पाहिलं आहे.

ते अमरावतीकडचे. विमा कंपनीच्या नोकरीत बदलीवर जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले. पत्नी इथेच वारली. वैशाली नगरात एकटे राहत आणि रोज सकाळी सिटी बसने जवाहर नगरच्या हॉलवर येत. काम बिनपगारी होतं. सगळे त्यांना अटीवाले काका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ते रागावत नसत.

एकदा पुण्याहून नोकरीसाठी आलेली दोन मुलं वाढदिवसासाठी हॉल मागायला आली.

"काका, डीजे चालेल ना?"

"डीजे चालेल. आवाज चालणार नाही."

"मतलब?"

"मतलब, तो येऊन बसू शकतो. जेवू शकतो."

मुलं हसली. हॉल त्यांनी घेतला आणि डीजे आणला नाही.

पाचवी अट होती: भिंत, दार वा फाटक यांना खिळा ठोकू नये. एका बँक अधिकाऱ्याच्या मुलीचं लग्न चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, जवाहिऱ्यांच्या घरी ठरलं होतं. वऱ्हाड घोडीसकट फाटकाशी आलं. त्यांच्याकडे मुलीच्या दारावर लाकडी पोपटांचं तोरण लावतात आणि नवरा मुलगा घोडीवरूनच त्याला तलवार टेकवतो. त्याशिवाय आत येत नाही. वराचा काका खिळा आणि हातोडी घेऊन तयार होता. मुलीचे वडील व्यवस्थापकांकडे पाहू लागले.

"अरे साहब, शगुन है!" वराचा काका म्हणाला.

"शगुन है, तो मैं खड़ा हूँ. कील नहीं ठुकेगी."

त्यांनी आतून स्टूल आणलं, तोरण बांबूला बांधलं आणि फाटकात स्टुलावर चढून बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. घोडी दोनदा बुजली. तलवार पोपटाला लागली, तशी त्यांच्या टोपीलाही लागली. टोपी खाली पडली, बांबू हलला नाही. त्या लग्नाच्या फोटोंत हा फोटो सर्वांत जास्त दाखवला जातो, असं त्या अधिकाऱ्यांनीच मला सांगितलं.

मी तेव्हा एका दैनिकात शहर वार्ताहर होतो. अचूकपणा हा माझा धंदा होता. त्यांच्याकडे तो स्वभाव म्हणून होता, आणि लोकांना तो आवडत असे. माझा आवडत नसे. याची नोंद मी तेव्हाही घेतली होती.

खरा प्रश्न मात्र वडिलांचा होता.

आई गेल्यावर, 2004 मध्ये, वडील कराडचं घर बंद करून आमच्याकडे आले. माझ्याशी ते तीन शब्द बोलत: हो, नको, जेवलो. जयपूरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते कोणाशीच बोलत नव्हते, म्हणून मीच त्यांना हॉल दाखवून आणला. घरापासून दोन चौक. त्यानंतर ते रोज दुपारी तिकडे जाऊ लागले आणि दिवेलागणीला परत येत. आल्यावर चेहरा बोलून दमलेल्या माणसाचा असे.

एका दुपारी मी मंडळाच्या कार्यक्रमाची बातमी घ्यायला हॉलवर गेलो होतो. व्यवस्थापक सहज म्हणाले, "तुमच्या बाबांनी भर पुरात म्हशीची शेपटी धरून कृष्णा ओलांडली, मुलाखतीला जायला. कपडे डोक्यावर बांधून. तुम्हाला माहीतच असेल जी."

"हो," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. दिवसभर मी अनोळखी माणसांना प्रश्न विचारत असे, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर मी कराडच्या आत्याला फोन करून खात्री केली. आत्या म्हणाली, "म्हैस खरी. मुलाखतही खरी. नोकरी तेवढी नाही मिळाली."

दुसऱ्या दिवशी जेवताना मी वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही पुरात नदी ओलांडली होती ना?"

"हो," ते म्हणाले.

ते उठून गेल्यावर बायको म्हणाली, "अटीवाले काका सांगत होते, बाबांचा डावा गुडघा दुखतो."

"मला नाही बोलले."

"तुम्ही विचारलंत?"

"दोनदा."

"बुटाच्या नाड्या बांधता बांधता," ती म्हणाली.

आता चौदाव्या अटीविषयी. छापील कागदावर तेराच अटी होत्या. चौदावी शाईने लिहिलेली होती: जबाबदार व्यक्तीने कार्य सुरू झाल्यापासून किल्ली परत देईपर्यंत हॉलमध्ये हजर राहावे, कोणत्याही कारणाने बाहेर जाऊ नये. ती 2001 मध्ये आली. त्या वर्षी माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस याच हॉलमध्ये झाला. औक्षण चालू असताना ऑफिसचा फोन आला. जुन्या बाजारात एका दुकानाचा सज्जा कोसळला होता. मी गेलो. परतलो तेव्हा पाहुणे गेले होते, आणि बायको मुलीला खांद्यावर घेऊन भांडी मोजून देत होती. पुढच्या आठवड्यात कागदावर शाई आली. कोणामुळे, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यामुळे अर्जावर त्यांचं नाव पाहिलं, तेव्हा कारण मला शोधावं लागलं नाही. तरीही मी हॉलवर गेलो.

"माझ्या वडिलांच्या कार्याला जबाबदार तुम्ही?"

"त्यांनी तसं सांगितलं. मी विचारलं, मुलाचं टाकू का? म्हणाले, त्याला अडकवू नका."

"बदला ते."

"अर्जदार ते आहेत जी. त्यांची सही लागेल."

मी अर्ज घरी आणला. वडील गच्चीत ऊन खात बसले होते.

"तुला मध्येच जावं लागलं तर?" ते म्हणाले.

"नाही जाणार."

"फोन आला तर?"

"नाही जाणार, बाबा."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. मग व्यवस्थापकाच्या नावावर रेघ ओढली, माझं लिहिलं, आणि सही केली. इंग्रजीत, जुन्या पद्धतीची, खाली दोन टिंबं देऊन.

मी परत गेलो. त्यांनी अर्ज पालथा घातला, उभे राहिले आणि सगळ्या चौदा अटी वाचल्या. बारावी अशी होती: हॉलच्या व्यवस्थापकाने व सेवकांनी खासगी कार्यात जेवायला बसू नये; जबाबदार व्यक्तीने अर्जावर लेखी बोलावल्यास अपवाद. आधीचे व्यवस्थापक प्रत्येक लग्नात पंगतीला बसत, तेही दोनदा, म्हणून ही अट यांनीच केली होती. जबाबदार व्यक्ती म्हणून ते त्या दिवशी यजमान झाले असते, वडिलांशेजारी बसले असते. आता ते पुन्हा व्यवस्थापक होते. मी एक ओळ लिहिली असती तर ते जेवायला बसू शकत होते.

बारावी अट त्यांनी इतर अटींसारखीच वाचली. हळूही नाही, घाईनेही नाही. वाचून झाल्यावर थांबले नाहीत. तेरावीवर गेले.

मी सही केली. अर्जावर आणखी काही लिहिलं नाही.

कार्य मार्चमधल्या एका रविवारी झालं. सकाळी होम झाला. चांदीच्या चंद्रबिंबाची पूजा झाली. बायकांनी कणकेच्या एक्याऐंशी दिव्यांनी वडिलांना ओवाळलं, आणि माझी मुलगी मोजता मोजता हिंदीत घसरली: "साठ, इकसठ, बासठ." वडील हसले. माझा फोन चार वेळा वाजला. तिसऱ्यांदा ऑफिसमधून होता. मी कोणताही उचलला नाही. चौदावी अट मी पूर्ण पाळली.

व्यवस्थापक ऑफिसच्या खोलीत टेबलाशी बसले होते. हॉल आणि ऑफिस यांच्यामध्ये काचेचं दार आहे.

पंगत बसली. वडिलांनी आपल्या उजव्या हाताच्या पानावर कोणाला बसू दिलं नाही. माझा मेहुणा बसायला लागला, तर म्हणाले, "तिथे नको." मी वाढप पाहत होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ते कुठे आहेत?"

"ऑफिसात."

"बोलाव."

"अट आहे, बाबा. बारावी."

"कोणाची अट?"

"त्यांचीच."

"मग तू लिहून दे."

माझ्या खिशात पेन होतं. वार्ताहराच्या खिशात नेहमी असतं. मी म्हणालो, "आता पंगत सुरू झाली आहे. नंतर बघू."

वडिलांनी चित्राहुती घातली. एक घास खाल्ला. मग पाटावर हात टेकून उठले, आणि आपलं पान उचलायला वाकले. काचेच्या दारातून व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि तिथूनच हात हलवला: नको. नववी अट, अन्न हॉलबाहेर नेऊ नये. वडिलांनी पान खाली ठेवलं आणि रिकाम्या हातांनी ऑफिसात गेले.

साठ माणसं पंगतीत बसली होती. उत्सवमूर्ती उठल्यावर जेवावं की थांबावं, हे कोणाला कळेना. बायकोने मसालेभाताचं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

काचेतून सगळं दिसत होतं. व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे केली. वडील बसले. व्यवस्थापकांनी ड्रॉवरमधून आपला डबा काढला, उघडला. बाजरीची भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. डब्याविषयी अटींत काही नव्हतं. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा वडिलांना दिला. वडील खाऊ लागले. काहीतरी बोलू लागले. डावा हात पाण्यात पोहल्यासारखा हलत होता. व्यवस्थापक हसता हसता ठसकले, तेव्हा वडिलांनी त्यांना पाण्याचा पेला दिला.

काचेचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी गेलो नाही. मी पाहुण्यांना म्हणालो, "बाबांना पथ्य आहे, तुम्ही सुरू करा." हे असत्य होतं.

दुपारी चार वाजता भांडी मोजून झाली. मी किल्ली दिली. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: हॉल दिला तसा परत मिळाला. जबाबदार व्यक्ती पूर्ण वेळ हजर. मग वर पाहून म्हणाले, "आज तुम्ही हलला नाहीत जी. बाबांना बरं वाटलं. मला म्हणाले ते." टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तसं काही सापडलं नाही.

घरी वडिलांनी हा विषय काढला नाही. मीही नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर व्यवस्थापकांनी जयपूर सोडलं. गुडघे चालत नव्हते, बसची पायरी चढवत नव्हती. अमरावतीला भावाच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. मंडळाने निरोपाचा कार्यक्रम केला. तो खासगी कार्यात मोडतो की नाही, यावर त्यांनी दहा मिनिटं वाद घातला आणि मगच चहा घेतला.

वडील म्हणाले, "मीही पंधरा दिवस जाऊन येतो."

मी दोघांची तिकिटं काढली आणि वडिलांचं परतीचंही. स्टेशनवर पोचवायला गेलो. समोरासमोरचे दोन खालचे बर्थ मिळाले होते. गाडी हलली तेव्हा मी हात केला. मुलीने "आजोबाऽ" म्हणून हाक मारली. खिडकीत वडिलांची पाठ दिसत होती. ते समोर वाकून काही सांगत होते, आणि समोरचा माणूस कानाशी हात धरून ऐकत होता.

परतीच्या तारखेला मी पुन्हा स्टेशनवर गेलो. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. वडिलांच्या बर्थवर कोट्याला चढलेला एक जवान बसला होता.

संध्याकाळी अमरावतीहून फोन आला. वडील स्वतः बोलत होते. होळीपर्यंत इथेच राहतो, म्हणाले. मग म्हणाले, इथे संत्र्याच्या बागा जवळ आहेत. शेजारी एक कुत्री व्यायली आहे, पाच पिल्लं आहेत. गुडघ्याला इथला वैद्य कसलंसं तेल देतो, वास घाण आहे पण उतार आहे. त्यांनी मुलीची शाळा विचारली. माझी ड्यूटी किती वाजता सुटते, हेही विचारलं. मी सांगितलं. त्या फोनची नोंद मोबाइलवर होती: अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.