मास्तरांची मधुमालती

गल्लीतले लोक त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले, आणि एकही कपडा धागा लोंबत असताना दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक उशीर होतोय म्हणून कितीही बोंबललं तरी मास्तर कपडा उजेडात धरून उलटासुलटा करणार, सूत सुटलेलं दिसलं की कच्च. पुढे गुडघ्यांनी मशीन चालवायला साफ नकार दिला आणि दुकान बंद झालं. त्याच आठवड्यात त्यांनी मागच्या अंगणात, दीड पुरुष उंच भिंतीलगत मधुमालतीची फांदी लावली. माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतंच.

वेल तरारली. मास्तरांनी खिळे ठोकले, सुतळ्या बांधल्या, केळीची सालं कुजवून घातली. रोज सकाळी चहाच्या आधी कात्री घेऊन ते स्टुलावर चढत आणि इकडेतिकडे लोंबणारी टोकं कापून वेल नीटनेटकी करत. भिंत कशी इस्त्री केल्यासारखी दिसे. फुलं तेवढी येत नव्हती. एक वर्ष नाही, दोन नाही, चार वर्षं.

"येत्या रविवारपर्यंत एक तरी फूल दाखवा," बायकोने शेवटी बजावलं. "नाहीतर वेल काढायची आणि तिथे दोरी बांधायची. चार वर्षं मी चादरी न्हाणीघरात वाळवतेय."

"अगं, लाजते ती."

"चार वर्षं? मी लग्नात एवढी लाजले नव्हते!"

मास्तर कामाला लागले. वेल गेली तर उठून करायचं काय? त्यांनी खत बदललं, पाणी बदललं, एकदा तर कुणी बघत नाही असं पाहून वेलीची विनवणीही केली. संध्याकाळी अंगणात मंद गोड वास दरवळायचा, त्याने ते आणखीनच चिडायचे. शेजारच्या बाई असला भारी साबण कशाला वापरतात, ते त्यांना कळत नसे.

रविवार उजाडला. फूल नव्हतं. कुदळही नव्हती, म्हणून बायकोने त्यांना शेजारी पिटाळलं. भिंतीपलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांचं दार मागच्या रस्त्यावर, त्यामुळे इतक्या वर्षांत भिंतीआडून "कचरेवाला आला का हो?" याच्यापुढे ओळख सरकली नव्हती. मास्तर पाय ओढत वळसा घालून गेले.

"या, या! आज सवड मिळाली होय तुम्हाला?" म्हणत बाईंनी त्यांना थेट अंगणात नेलं.

मास्तर जागच्या जागी थिजले. पलीकडची भिंत दिसतच नव्हती. वरून खालपर्यंत पांढरे, गुलाबी, लालभडक घोस लोंबत होते.

"हे कुणाचं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुमचंच की! दरवर्षी मी म्हणते, सांडून माझ्याकडे एवढी येतात, तर तुमच्याकडे केवढी असतील!"

"तुम्ही... छाटता कशी?"

"मी? छे हो. मला त्यातलं काही कळत नाही. मी हातसुद्धा लावत नाही." बाईंनी एक लोंबती, वाकडीतिकडी फांदी उचलून दाखवली. "कळ्या धरतात त्या या टोकांनाच, एवढं मात्र बघितलंय."

मास्तर मटकन पायरीवर बसले. चार वर्षं रोज सकाळी, चहाच्या आधी, आपल्याच हाताने! त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं. कुदळीला इतका वेळ का लागतोय हे बघायला बायको आली, ती नेमकी तेव्हाच.

"मीच कापत होतो गं," मास्तर म्हणाले. "धागे समजून."

बायकोने फुलांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि ती अशी हसत सुटली की तिला बाईंच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, कुदळ राहू द्या. बसायला काहीतरी द्या."

बाईंनी बाक ओढला. दोघं शेजारी शेजारी बसली. वाऱ्याने एक फांदी मास्तरांच्या अगदी नाकासमोर येऊन डोलायला लागली. मास्तर दुसरीकडे बघू लागले. घसा खाकरून झाला, आभाळ बघून झालं, पण बोटं काही स्वस्थ बसेनात. बायकोने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला.