घाटकोपर ते अंधेरी, हातात रक्ताची नळी

वहिनीचं पाणी गेलं तेव्हा तिचा सातवा महिना संपत आला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाऊ जहाजावर, आई तिच्या उशाशी. म्हणून घाटकोपरहून अंधेरीला जायचं काम माझ्याकडे आलं.

नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "कळा नाहीत, बाळ लहान आहे. आत राहील तितकं बरं. पण पाणी गेलं की जंतू शिरायची भीती. ताप उशिरा येतो, त्याआधी रक्तात एक प्रथिन वाढतं. सीआरपी. ती तपासणी अंधेरीला होते."

"आणि वाढलं असेल तर?"

"तर वाट बघता येणार नाही."

काचेची नळी रुमालात गुंडाळून मी रिक्षात बसले. आज तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर वरून मेट्रो जाते. तेव्हा असल्फ्याची टेकडी, उतारावर एकमेकांना टेकलेली घरं, साकीनाक्याला ट्रकांची रांग आणि खड्डे. रिक्षावाल्याला म्हटलं, "हळू चालवा, हे हलता कामा नये." त्याने मागे वळून एकदा नळी बघितली. पुढे मरोळ, चकाल्यापर्यंत त्याने एकही खड्डा घेतला नाही.

लॅब स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी काळ्या काचेवर वहिनीच्या रक्तातल्या पिवळसर पाण्याचा थेंब ठेवला, त्यात दुधासारखं औषध मिसळून काच हलवत राहिल्या. "दाणे धरले तर वाढलंय." दूध दूधच राहिलं. मी खाली उतरून उडप्याकडे इडली खाल्ली. चटणी चांगली होती, एवढं आठवतं.

काही दिवसांनी पुन्हा तोच रस्ता. वहिनीला ताप नव्हता, तिने सकाळी पोहेही खाल्ले होते. या वेळी काचेवर दाणे दिसले, पाण्यात रवा पडावा तसे. बाईंनी माझ्यादेखत नर्सिंग होमला फोन लावला. परतीच्या वाटेवर मी काय पाहिलं, मलाच ठाऊक नाही.

मी पोचले तेव्हा कळांसाठी सलाईन लावलेलं होतं. आई डॉक्टरीणबाईंना विचारत होती, "ताप नाय, काय नाय, मगे घाई कित्याक?"

"हे प्रथिन दुसऱ्या कारणानेही वाढतं, आई. पण पांढऱ्या पेशीही वाढल्यात. चूक व्हायचीच असेल, तर उशिरापेक्षा घाईची बरी."

संध्याकाळी मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. तिला मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वहिनीला ताप चढला, तो औषधांनी उतरला. डॉक्टरीणबाई आईला एवढंच म्हणाल्या, "थांबलो नाही ते बरं झालं."

मुलगी घरी आली ती उन्हाळा लागल्यावर. दुपारी तिला मांडीवर घेऊन वहिनी म्हणाली, "मी छताकडे बघत पडले होते आणि माझं रक्त अंधेरी हिंडून आलं. काय आहे गं त्या रस्त्यावर?"

मी टेकडी सांगितली, ट्रक सांगितले, तो रिक्षावाला सांगितला. बोलताना लक्षात आलं, मी बरंच पाहिलं होतं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं.

"एकदा जाऊ ना," ती म्हणाली. "तिघी."